विळीचा काय दोष?



परवा दुपारी चारच्या सुमारास समोरच्या घरातली नवी सून विळी मागायला आली. तिच्याकडे गावाहून अख्खं कोहळं आलं होतं आणि ते तिच्या छोट्या सुरीला दाद देत नव्हतं. माझ्या सासूबाई तिला म्हणाल्या, "विळी आम्ही घराबाहेर देत नाही गं. कोहळं इथेच आण, बसून निवांत चिर आणि घेऊन जा." ती हसली, कोहळं घेऊन आली, चिरून गेली.

ती गेल्यावर माझी कॉलेजात जाणारी लेक उसळली. "आजी, विळीच मागत होती ना, तलवार तर नाही? आणि हिंसेचं साधन म्हणून ती द्यायची नसेल, तर मग आपल्या घरात तरी कशाला हवी? मॉलमध्ये चिरलेली भाजी मिळते. तीच आणत जाऊ."

सासूबाई गप्प बसल्या. मीही काही बोलले नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना. आज त्याचं उत्तर लिहायला बसले आहे.

आधी सासूबाईंची बाजू. त्यांचं म्हणणं शास्त्राला धरूनच आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यात एक आहे हिंसादान, म्हणजे कुऱ्हाड, तलवार, कुदळ, अग्नी, साखळदंड अशा वस्तू दुसऱ्याच्या हाती देणं. वस्तू आपल्या हातून गेली की पुढे तिचं काय होईल यावर आपला ताबा राहत नाही, दोषाचा वाटा मात्र राहतो. विळीचं नाव त्यात नाही, पण जुन्या बायकांनी नियम आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आणला. मला आवडलं ते हे, की सासूबाईंनी विळी बाहेर दिली नाही, पण शेजारणीला आत बोलावलं. नियमही राहिला आणि शेजारही.

आता लेकीचा खरा प्रश्न. हिंसेचं साधन घरात कशाला?

आपल्याकडे घरातल्या हिंसेच्या पाच जागा सांगितल्या आहेत, पंचसूना. उखळ, जातं, चूल, पाण्याचं भांडं आणि केरसुणी. पुन्हा मोजून बघा, या पाचांत विळी नाही, सुरीही नाही. मला यातून एक गोष्ट दिसते. त्या पाचही जागी जीव नजरेआड मरतो. धान्यातला किडा दळणात जातो, लाकडातली मुंगी चुलीत जाते, केरसुणीखाली काय आलं ते कळतही नाही. म्हणून धान्य निवडायचं, पाणी गाळायचं, इंधन झटकून घ्यायचं. विळीवर मात्र भाजी थेट डोळ्यांसमोर असते. तिथे जीव वाचवायची संधी सर्वांत जास्त.

तत्त्वार्थसूत्रात आचार्य उमास्वामींनी हिंसेची व्याख्या केली, तिथेही हत्याराचं नाव नाही. प्रमादाने, म्हणजे बेफिकिरीने किंवा कषायाने, प्राणांचा घात होणं म्हणजे हिंसा. आणि यशोधर राजाची कथा तर आपण लहानपणापासून ऐकतो. आईच्या आग्रहाखातर त्याने देवीपुढे पिठाचा कोंबडा कापला. पिठाला कुठला जीव? तरी मारण्याचा संकल्प झाला, म्हणून मायलेकांना कित्येक जन्म तिर्यंच योनीत भटकावं लागलं. ही कथा सांगणारं पुष्पदंतांचं जसहरचरिउ आपल्या विदर्भातल्याच कारंजा ग्रंथमालेतून 1931 साली डॉ. प. ल. वैद्यांनी संपादून छापलं. परवाचं कोहळंही तसंच बघा. भाजीसाठी चिरलं तर तो गृहस्थाचा आरंभ. बळी म्हणून त्यावर घाव घातला तर तो संकल्प. कोहळं तेच, पातंही तेच.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. दोष पात्याचा नाही. आणि ज्याचा दोष नाही त्याला अपशकुनी म्हणून कोपऱ्यात टाकू नये, त्याची नीट कदर करावी.

हे मी चुकून शिकले आहे. काही वर्षांपूर्वी पाहुणे यायचे होते, सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकायची होती. मी ओट्याशी उभी राहून फळीवर भेंडी चिरत होते, आठ-दहा एकदम धरून, नजर घड्याळाकडे. सुरी बोथट, म्हणून जोर लावत होते. एका भेंडीत अळी होती. दिसली तेव्हा तिचे दोन तुकडे झाले होते. त्या दिवशी सुरीला काय बोल लावायचा? सुरी मी चालवत होते, आणि मी बघत नव्हते. प्रतिक्रमणात ती अळी मला अजून आठवते.

त्यानंतर मी माळ्यावरची आजीची विळी खाली काढली. आजी तिला इळी म्हणायची. विळीची करामत अशी की तिथे पातं स्थिर असतं आणि भाजी हलते. पाट पायाखाली दाबला की दोन्ही हात मोकळे. भेंडी दोन्ही हातांत धरून आधी उभी चिरायची, उघडून बघायची, मग तुकडे करायचे. बसलेलं असल्यामुळे नजरही जवळ असते. घाईत विळी चालतच नाही, ती तुम्हाला बसवते. आपल्याला भाजी शोधून चिरायची असते, त्यासाठी याहून सोयीचं साधन मला तरी माहीत नाही. गुडघे दुखत असतील त्यांनी सुरी वापरावी, पण एका वेळी एकच भेंडी.

लेकीला विळी हत्यार वाटते, तर तिला मी आपल्या मातीतली एक गोष्ट सांगितली. नागपूरच्या आसपास, जुनापाणीला, माहूरझरीला, दगडांची मोठमोठी वर्तुळं आहेत. ती लोहयुगातल्या माणसांची दफनं. विदर्भातल्या अशा वर्तुळांत लोखंडाचे खंजीर, कुऱ्हाडी, बाणांची टोकं सापडली, तशीच छिन्न्या आणि नखं काढायची अवजारंही सापडली. पारशिवनी तालुक्यात पेंच नदीकाठी नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच निघाली, सुमारे 2700 वर्षांपूर्वीची. म्हणजे एकाच भट्टीच्या लोखंडातून कुणी खंजीर घडवला आणि कुणी नखं काढायचं पातं. नायकुंडचं उत्खनन 1978 ते 1980 या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी केलं. यातल्या देवांचं नाव आपण तर विसरूच नये. जैन साधुसंघाचा इतिहास सांगणारा त्यांचा मोठा ग्रंथ 1956 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने काढला. आपल्या मुनींचा आचार अभ्यासणारा माणूसच विदर्भातल्या जुन्या लोखंडाचाही अभ्यासक होता.

दुसरी गोष्ट स्टीलच्या सुरीची. इंग्लंडमधलं शेफिल्ड हे सुऱ्या करणाऱ्यांचं जुनं गाव. तिथे 1913 साली हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून पोलादाचे प्रयोग करत होता. त्याने लोखंडात साधारण 13 टक्के क्रोमियम मिसळलं. ते पोलाद गंजेना, लिंबाच्या रसाने आणि व्हिनेगरनेही डागळेना. त्याच्या लक्षात आलं, की हे तर सुऱ्यांसाठी उत्तम. बंदुकीपायी सुरू झालेला शोध असा जेवणाच्या टेबलावर पोचला.

आता कामाचं चार शब्द. बोथट पातं जास्त धोक्याचं. त्यावर जोर लावावा लागतो, ते निसटतं आणि बोटावर येतं. कोथिंबीर चिरण्याऐवजी चेचली जाते आणि लवकर काळी पडते. गल्लीत साणवाला आला की त्याला हाक मारा. तो येईपर्यंत चिनी मातीचा कप पालथा घालून त्याच्या तळाच्या खरखरीत कडेवर पातं थोडं तिरकं धरून दोन्ही बाजूंनी आठ-दहा वेळा ओढा. लोखंडी विळी धुतल्यावर लगेच कोरडी पुसा, नाहीतर गंज धरते. तिच्यावर आवळा चिरला तर तो काळा पडतो, कारण आवळ्यातलं तुरट द्रव्य लोखंडाला लागतं. आवळ्यापुरती स्टीलची सुरी घ्या. काम झालं की विळी आडवी करून, पातं भिंतीकडे करून ठेवा. आजी हे रोज करायची. घरात लहान मूल नसतानाही करायची.

आणि ती मॉलमधली पाकिटं? त्यातली भाजी कुणी चिरली, चिरताना उघडून बघितली का, त्याच पात्याखाली आधी कांदा-लसूण गेला का, चिरून किती वेळ झाला, यातलं काहीच आपल्याला कळत नाही. विळी घरातून गेली म्हणजे हिंसा घरातून गेली असं नाही. ती फक्त आपल्या नजरेआड झाली, पंचसूनेसारखी. नोकरी करणाऱ्या मैत्रिणींची ओढाताण मला माहीत आहे, त्यांना मी बोल लावत नाही. पण "हिंसा नको म्हणून पाकीट" हे मात्र म्हणू नका.

काल लेकीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, भाषण पुरे. दाखव कशी धरायची." पाटावर पाय ठेवून बसली, अर्धा किलो भेंडीला पाऊण तास लावला. दोन अळ्या जिवंत निघाल्या. त्या तिने भेंडीच्या तुकड्यासकट अंगणातल्या तुळशीच्या कुंडीत सोडल्या. भाजी जरा वेडीवाकडी चिरली होती. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "छान शोधलीस."