शिडी आली म्हणून घाबरू नका

वायरमन शिडी घेऊन वस्तीत आला की आपली माणसे हात जोडतात. का? वीज कायदा, २००३ चे कलम ५६ सांगते : थकबाकीपोटी वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस दिलीच पाहिजे. बिल बरोबर असेल तर मुदतीत भरा, महावितरणला १.२५ टक्के विलंब आकार फुकट कशाला द्यायचा? पण बिल अवाच्या सवा आले तर? तेवढी रक्कम किंवा मागील ६ महिन्यांच्या सरासरीने होणारी, यांतली कमी असेल ती निषेध नोंदवून भरा. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. मात्र अर्ज लेखीच द्या. तोंडी तक्रारीला कचेरीत कोण विचारतो? अर्जाची पोच आणि भरण्याची पावती ट्रंकेत, जातीच्या दाखल्याशेजारी ठेवा.