कृषि महाविद्यालयाचे सत्र आणि शेतातील हंगाम

शेतीचे वेळापत्रक निसर्ग ठरवितो आणि महाविद्यालयाचे वेळापत्रक विद्यापीठ ठरविते. ही दोन वेळापत्रके जेथे जुळत नाहीत, तेथे विद्यार्थ्याचे शिक्षण अपुरे राहते आणि ज्या गावात तो शिकावयास जातो त्या गावालाही त्याचा पुरेसा लाभ होत नाही. कृषि पदवीच्या अभ्यासक्रमाचा विचार करताना विषयांच्या यादीइतकेच महत्त्व या गोष्टीला दिले पाहिजे.

महाराष्ट्रात कृषिशिक्षणाची परंपरा जुनी आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात १८७९ साली शेतीचे वर्ग सुरू झाले आणि पुढे १९०७ च्या सुमारास तेथे स्वतंत्र कृषि महाविद्यालय उभे राहिले. त्याचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान व त्यांचे सहकारी यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची जमीन, विहिरी, कर्ज आणि कुटुंबांचे उत्पन्न यांची पाहणी करून ती १९१७ साली प्रसिद्ध केली. जमिनीचे तुकडे कसे होत गेले व त्याचा शेतकऱ्यावर काय परिणाम झाला हे त्या पाहणीतून दिसून आले. गाव हीच कृषि महाविद्यालयाची मोठी प्रयोगशाळा होय, हा धडा तेव्हाच घालून दिला गेला होता. १९६८ ते १९७२ या काळात राज्यात चार कृषि विद्यापीठे स्थापन झाली, तेव्हा शिक्षण, संशोधन व विस्तार या तिन्ही कामांची सांगड घालण्याचा हेतू त्यामागे होता.

त्या हेतूला अनुसरून ग्रामीण कृषि कार्यानुभवाचा कार्यक्रम अभ्यासक्रमात आला. १९९२ साली रंधावा समितीने त्याची शिफारस केली होती. गावोगावी कृषिदूत व कृषिकन्या या नावांनी हे चौथ्या वर्षाचे विद्यार्थी आता परिचित आहेत. पाचव्या अधिष्ठाता समितीच्या आराखड्यात या कार्यक्रमाला एकूण २० आठवडे असून त्यांपैकी ८ आठवडे प्रत्यक्ष गावात काढावयाचे आहेत. ही तरतूद निश्चितच उपयुक्त आहे. प्रश्न उरतो तो हे आठ आठवडे कोणते असावेत, हा.

सोयाबीनचे उदाहरण घ्यावे. हे पीक सुमारे १०० दिवसांत तयार होते. जून अखेरीस पेरलेले सोयाबीन ऑक्टोबरच्या प्रारंभी काढणीस येते. विद्यार्थी जुलैच्या मध्यास गावात आला, तर पेरणी बहुधा आटोपलेली असते. अशा वेळी ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवून उगवणशक्ती कशी पाहावी, किंवा बीजप्रक्रिया कशी करावी, याचे प्रात्यक्षिक त्याने कितीही नेटकेपणाने केले तरी शेतकऱ्यास त्या हंगामात त्याचा उपयोग नाही. सप्टेंबरच्या मध्यास तो परत जातो, तेव्हा शेंगांत दाणे भरत असतात. काढणी, मळणी आणि विक्री यांपैकी काहीही त्याच्या दृष्टीस पडत नाही.

येथेच खरी हानी होते. सोयाबीनच्या दाण्याचे आवरण पातळ असते. मळणी यंत्राचा वेग प्रमाणाबाहेर ठेवला तर दाण्यास इजा होते. त्यामुळे बियाण्याकरिता मळणी करताना यंत्राचे फेरे मिनिटास ३५० ते ४०० च्या आत ठेवावे लागतात. ही काळजी ऑक्टोबरात घेतली गेली नाही, तर पुढील जूनमध्ये उगवण ७० टक्क्यांच्या खाली येते आणि दुबार पेरणीचे संकट ओढवते. कारण एका हंगामाच्या अखेरीस घडते व परिणाम दुसऱ्या हंगामाच्या आरंभी दिसतो. केवळ मधले आठ आठवडे पाहणाऱ्या विद्यार्थ्यास हा संबंध पुस्तकात वाचावा लागतो, आणि उद्या तोच कृषि अधिकारी म्हणून शेतकऱ्यास सल्ला देणार असतो.

यावर उपाय असा की, आठ आठवडे तेवढेच ठेवून त्यांचे तीन भाग करावेत. पहिले दोन आठवडे पेरणीपूर्वी, मधले चार पीक वाढीच्या काळात आणि शेवटचे दोन काढणी व विक्रीच्या वेळी असावेत. गाव तेच व शेतकरीही तोच असावा. जेथे द्राक्षबागा आहेत, तेथे एप्रिलमधील खरड छाटणी व ऑक्टोबरातील गोडी छाटणी या दोन्ही वेळा विद्यार्थी हजर असावा. जेथे रब्बी ज्वारी हेच मुख्य पीक आहे, तेथे हे भाग त्या पिकाप्रमाणे ठरवावेत.

अशा योजनेत परीक्षा, वसतिगृह व प्राध्यापकांचे दौरे यांची अडचण येईल, हा आक्षेप खरा आहे. तथापि सत्राच्या तारखा मनुष्याने ठरविलेल्या असल्याने त्या बदलता येतात. पेरणीची वेळ बदलता येत नाही. सहाव्या अधिष्ठाता समितीचा अभ्यासक्रम २०२४-२५ पासून लागू झाला असून त्याची पहिली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षात येते. महाविद्यालयांनी आपल्या विभागातील पिकांनुसार आखणी करावयाची, तर ती त्यापूर्वीच केली पाहिजे.

गावाचेही यात कर्तव्य आहे. सत्कार व छायाचित्रे यांवर कार्यानुभवाची सांगता होऊ नये. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी विद्यार्थ्यास एका एकराचा जमाखर्च पेरणीपासून विक्रीपर्यंत लिहावयास लावावा. यजमान शेतकऱ्याने त्याच्या कामाबद्दल दिलेल्या अभिप्रायास गुणांत स्थान मिळावे. जो विद्यार्थी बियाण्याच्या पिशवीपासून बाजार समितीच्या पट्टीपर्यंत एका पिकाची सोबत करील, त्याच्या सल्ल्यावर शेतकरी विश्वास ठेवील.