छेदाच्या चिन्हालाही गुण द्या

६/क्ष > २, तर क्षच्या किमती कोणत्या? अनेक विद्यार्थी दोन्ही बाजूंना क्षने गुणतात आणि 'क्ष < ३' लिहून मोकळे होतात. आता क्ष = −१ घ्या. डावी बाजू −६ येते. ती २ पेक्षा मोठी कशी?

ऋण संख्येने गुणले की असमतेचे चिन्ह उलटते आणि क्ष धन की ऋण, हे आधी ठाऊक नसते. म्हणून सगळे एका बाजूला आणावे: (६ − २क्ष)/क्ष > ०. अंश ३ वर शून्य होतो, छेद ० वर. संख्यारेषेचे तीन भाग पडतात. −१, १ आणि ४ ठेवून पाहिले, की उत्तर मिळते: ० < क्ष < ३.

ही पडताळणी फळ्यावर सावकाश व्हायला हवी आणि उत्तरपत्रिकेत तिला स्वतंत्र गुण हवेत.