त्रास सोसणाऱ्या मुलाचीच तुकडी बदलू नका

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
जिल्हा परिषद, सातारा.

विषय : सातवीतील विद्यार्थ्याला वर्गातील मुलांकडून होणारा सततचा त्रास थांबवण्याबाबत.

महोदय,

आम्ही एका अनुदानित शाळेतील सातवीच्या मुलांचे पालक आहोत. आमच्यापैकी एकाचा मुलगा बोलताना अडखळतो. त्याची ओळख उघड होऊ नये म्हणून त्याचे व शाळेचे नाव सोबतच्या बंद पाकिटात दिले आहे.

हजेरीला ‘उपस्थित’ म्हणायला त्याला वेळ लागतो आणि तेवढ्यात मागच्या बाकांवरून नक्कल सुरू होते. मधल्या सुट्टीत चार-पाच मुले त्याला पाण्याच्या टाकीपाशी घेरतात आणि स्वतःचे आडनाव न अडखळता म्हणून दाखवेपर्यंत डबा देत नाहीत. हल्ली तो भरलेला डबा तसाच घरी आणतो. शाळेत लघवीलाही जात नाही, कारण तिकडे कोणी मोठे माणूस नसते.

आईने तोंडी सांगितले तेव्हा ‘मुले मस्करी करणारच’ असे उत्तर मिळाले. लेखी अर्जानंतर त्या मुलांना सगळ्या वर्गासमोर माफी मागायला लावली. त्याच संध्याकाळी सायकल स्टँडवर त्या माफीची वसुली झाली. आता शाळा त्याचीच तुकडी बदलायला सांगते. त्याचा एकुलता एक मित्र याच तुकडीत आहे. हा तोडगा आम्हांला मान्य नाही.

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ चे कलम १७ बालकाच्या मानसिक छळाला मनाई करते. ते फक्त शिक्षकांच्या छडीपुरते वाचले जाऊ नये. राज्याच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यातही लेखी तक्रारीची संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावी, अशी तरतूद आहे.

म्हणून आमची मागणी अशी की, मुलाची तुकडी बदलू नये. टाकी, स्वच्छतागृह आणि सायकल स्टँड इथे सुट्टीत व शाळा सुटताना शिक्षकांची पाळी लावावी. त्रास देणाऱ्या प्रत्येक मुलाशी, त्याच्या पालकांना बोलावून, स्वतंत्रपणे बोलावे. समोरासमोर माफीचा प्रकार पुन्हा करू नये. मुलाने स्वतः निवडलेल्या एका शिक्षकाने दर आठवड्याला त्याची एकट्याची विचारपूस करावी व तशी नोंद ठेवावी. हजेरी सगळ्याच वर्गाची हात वर करून घ्यावी, म्हणजे तो एकटा वेगळा दिसणार नाही. तक्रारपेटीतील चिठ्ठ्यांवरची नावे कोणत्याही कारणाने वर्गात किंवा परिपाठात वाचली जाऊ नयेत. एकदा नाव वाचले की पेटीत पुन्हा कोणी चिठ्ठी टाकत नाही. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक मुलांच्या नजरेच्या उंचीवर रंगवावा.

मुलगा वाचा-उपचार घेतो आहे. तो बोलण्यावरचा उपचार आहे, छळावरचा नव्हे. त्रास देणाऱ्या मुलांना शाळेतून काढा, असेही आम्ही म्हणत नाही. त्यांतल्या एकाच्या वडिलांनी या निवेदनावर सही केली आहे.

आपण शाळेला लेखी आदेश द्यावेत, सात दिवसांत चौकशी करून घ्यावी व अहवालाची प्रत मुलाच्या पालकांना मिळावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
सातवीच्या विद्यार्थ्यांचे पालक
(सह्यांची यादी सोबत)