मोरपिसात निळा रंग कुठे आहे?

काचीगुडा स्टेशनबाहेर मोरपिसे विकणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून परवा एक पीस घेतले आणि वर्गात नेले. खिडकीकडे पाठ करून पाहिले तर निळे-हिरवे. उजेडाच्या आड धरले तर नुसते तपकिरी. "निळा रंग कुठे गेला?" असे विचारले. कोणी बोलेना.

खरे म्हणजे त्यात निळे रंगद्रव्य नाहीच. मेलॅनिनच्या सूक्ष्म काड्या ओळीने रचलेल्या असतात. निळ्या भागात दोन काड्यांतील अंतर सुमारे १४० नॅनोमीटर, हिरव्या भागात १५०. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) अशा रचनेत ठराविक तरंगलांबीच्या प्रकाशाला शिरताच येत नाही, तो मागे फिरतो व आपल्याला दिसतो.

यालाच आज फोटॉनिक स्फटिक म्हणतात. १९८७ साली एली याब्लोनोविच आणि केरळात जन्मलेले सजीव जॉन या दोघांनी ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली. एकाला अणूचे आपोआप प्रकाश टाकणे थांबवायचे होते, दुसऱ्याला प्रकाश कोंडून धरायचा होता. प्रश्न वेगळे, उत्तर एकच! अशा स्फटिकातील छिद्रांची एखादी ओळ मुद्दाम गाळली, की कोंडलेल्या प्रकाशाला तेवढीच वाट उरते. मग तो काटकोनातही वळवता येतो.

आमच्या कन्नड विभागातील मित्रांना आठवण द्यावीशी वाटते, की बंगलोरला सर चंद्रशेखर रामन यांनी १९३४ मध्येच नीलकंठ पक्ष्याच्या पिसांतील रंगाचा शोध घेतला होता. दसऱ्याला आपण ज्याचे दर्शन शुभ मानतो तोच हा पक्षी. रामन यांनी रंग कुठून येतो हे विचारले. पुढच्यांनी प्रकाशाला अडवता येईल का, हे विचारले.

आणि आपण? ग्रेटिंगचा प्रयोग वर्षानुवर्षे चालतो. सोडियमची तरंगलांबी ५८९३ अँगस्ट्रॉम हे आधीच पाठ; मग कोन उलटे मोजून जर्नलात भरायचे. मीही विद्यार्थी असताना तेच केले, आणि शेरा मिळाला 'उत्तम'. माझे स्पष्ट मत आहे, की निदान एक प्रयोग तरी असा असावा ज्याचे उत्तर मास्तरांनाही ठाऊक नाही. त्याला खर्च एका पिसाचा.

तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने पीस तिरपे करत गेल्यास रंग किती सरकतो हे मोजायचे ठरवले आहे. स्पेक्ट्रोमीटर कपाटात आहे. किल्लीची चौकशी चालू आहे.