संगणकाचं घड्याळ कोण लावतं?

बालदोस्तांनो, संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात वेळ दिसते ना? ती येते कुठून?

संगणकाच्या पोटात स्फटिकाचा एक चिमुकला तुकडा असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि त्यावरून सेकंद मोजले जातात. संगणक बंद असला तरी नाण्याएवढ्या बॅटरीवर हे काम चालू राहतं. पण उन्हाळ्या-हिवाळ्यात स्फटिकाची चाल बदलते, बॅटरी म्हातारी होते आणि घड्याळ चुकतं.

"चुकेना का थोडं!" असं म्हणाल. गेल्या वर्षी आमच्या शाळेत चौथीच्या मुलांनी हस्तलिखित दोन संगणकांवर टाइप केलं. त्यातला एक वीस मिनिटं मागे होता. मुलांनी २ वाजून १० मिनिटांनी सुधारलेली प्रत त्याने १ वाजून ५० मिनिटांची म्हणून नोंदली. दुसऱ्यावर २ वाजताची जुनी प्रत होती. प्रती एकत्र करणाऱ्या प्रोग्रॅमने 'नंतरची' म्हणून जुनीच ठेवली आणि सुधारलेली पुसली! मुलांचे चेहरे बघवत नव्हते.

म्हणून संगणक इंटरनेटवरच्या टाइम सर्व्हरला वेळ विचारतो. पण उत्तर येईपर्यंत वेळ पुढे सरकलेली असते! अमेरिकेतले डेव्हिड मिल्स यांनी १९८५ साली यासाठी नियम मांडले. त्यांना 'नेटवर्क टाइम प्रोटोकॉल', म्हणजेच एनटीपी म्हणतात. लहानपणापासून काचबिंदूने दृष्टी अधू असलेले मिल्स २०२४ साली वारले.

त्यांची युक्ती सोपी आहे. समजा, आपल्या घड्याळात १० वाजून ० सेकंदांनी प्रश्न निघाला. सर्व्हरला तो त्याच्या घड्याळाच्या ७व्या सेकंदाला मिळाला, ८व्या सेकंदाला त्याने उत्तर धाडलं. आपल्याकडे ते ३ऱ्या सेकंदाला पोचलं. एकूण ३ सेकंद गेले, त्यातला १ सर्व्हरकडे. म्हणजे प्रवासाचे २, जाताना १ आणि येताना १. सर्व्हरच्या घड्याळाने उत्तर पोचलं ८ अधिक १, म्हणजे ९व्या सेकंदाला. आपलं घड्याळ दाखवतं ३. आपण ६ सेकंद मागे! (जाण्या-येण्याला सारखाच वेळ लागतो, हे मात्र गृहीत धरलंय.)

अनेक लिनक्स संगणकांवर हे काम 'क्रॉनी' नावाचा प्रोग्रॅम करतो. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'सर्व्हर' हा शब्द आणि पुढे सर्व्हरचा पत्ता, अशी एकेक ओळ लिहायची. पत्ते किमान तीन-चार द्यावेत. एकच असेल आणि तोच चुकला, तर कळणार कसं? दोघं वेगवेगळं बोलले, तर खरं कोणाचं? तिघं-चौघं असले की चुकणारा उघडा पडतो. मग क्रॉनी पुन्हा सुरू करून सर्व्हरची यादी मागवायची. ज्याच्यापुढे चांदणीची खूण, त्याच्याशी आपलं घड्याळ जुळतंय. यानंतर क्रॉनी काटा एकदम मागे ओढत नाही, घड्याळाची चाल किंचित कमी-जास्त करतो. नाहीतर तीच मिनिटं दोनदा येतील आणि पुन्हा प्रतींचा घोळ!

ही फाइल बदलायला संगणकाचा मुख्य पासवर्ड लागतो, तेव्हा आई-बाबांना शेजारी बसवा.

आता तुमच्यासाठी कोडं. प्रश्न आपल्या घड्याळात ठीक ४ वाजता निघाला. सर्व्हरला तो ३ वाजून ५९ मिनिटं ५७ सेकंदांनी मिळाला, ५८व्या सेकंदाला त्याने उत्तर धाडलं. ते आपल्याकडे ४ वाजून ५ सेकंदांनी आलं. आपलं घड्याळ मागे की पुढे, आणि किती? उत्तर पुढच्या अंकात.