ऑपेरा हाऊस वाचलं, आपल्या टॉकीजचं काय?

'टॉकीज बंद पडलं' ही आता बातमीच राहिलेली नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात विचारा. कुठे टॉकीजचं गोदाम झालंय, कुठे मंगल कार्यालय, कुठे दुकानांचा गाळेवाला कॉम्प्लेक्स. रिक्षावाला अजून 'टॉकीजपाशी' म्हटलं की बरोबर तिथं नेतो, पण तिथं टॉकीज नसतं. आपणही म्हणतो, मोबाईलवर सगळं मिळतंय, आता थिएटर कशाला? आणि विषय संपतो.

पण बंद पडलेलं थिएटर २३ वर्षांनी पुन्हा उघडू शकतं, हेही आपल्याच राज्यात घडलंय. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस हे त्याचं उदाहरण. ते कसं वाचलं हे समजून घेतलं, तर आपल्याकडची टॉकीज का वाचत नाहीत हेही कळतं.

गिरगावात, चर्नी रोड स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर ही इमारत आहे. कोलकात्याचे मनोरंजन व्यावसायिक मॉरिस बँडमन आणि मुंबईचे कोळशाचे दलाल जहांगीर फ्रामजी कराका यांनी ती उभी केली. काम पूर्ण व्हायच्या आधीच १९११ मध्ये, भारतभेटीवर आलेल्या पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते उद्घाटन झालं. युरोपातल्या राजवाड्यांसारखं नक्षीकाम, श्रीमंतांसाठी बॉक्स, ससून कुटुंबाने दिलेली झुंबरं आणि आठ भागांचा घुमट. पण मला सगळ्यात आवडली ती वेगळीच गोष्ट. वरच्या गॅलरीत स्वस्तात बसलेल्या माणसालाही रंगमंचावरचा शब्द नीट ऐकू यावा, अशी आतली रचना केलेली होती.

नाव ऑपेराचं असलं तरी ही वास्तू साहेबांपुरती राहिली नाही. बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ तिथं गायले. पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्सची नाटकं तिथं झाली. १९३०च्या दशकात तिचं पूर्ण सिनेमागृह झालं, त्यासाठी आत बदलही केले गेले. १९५२ मध्ये गोंडल संस्थानच्या महाराजांनी ती घेतली. पुढे घरोघरी टीव्ही, व्हिडिओ आणि केबल आली, खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या आणि १९९३ मध्ये पडदा पडला. छप्पर गळू लागलं, भिंतींत ओल शिरली. आजूबाजूला हिऱ्यांचा बाजार, जागेला सोन्याचा भाव. अशी इमारत पाडून टॉवर बांधणं हाच सोपा हिशेब होता.

तो हिशेब केला गेला नाही. गोंडल घराण्याने जागा विकली नाही. वास्तुसंवर्धनतज्ज्ञ आभा नारायण लांबा यांच्याकडे काम दिलं. आधी इमारत खचणार नाही याची व्यवस्था, मग छप्पर, मग आतली सजावट, असं काम कित्येक वर्षं चाललं. २०१२ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने धोक्यातल्या वारशाच्या यादीत तिचं नाव घेतलं आणि जगाचं लक्ष गेलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये मामि चित्रपट महोत्सवाच्या निमित्ताने दारं उघडली. मुंबईतच जन्मलेल्या सोप्रानो गायिका पॅट्रिशिया रोझारिओ तिथं गायल्या. २०१७ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला.

आता कुणी म्हणेल, राजेमहाराजांकडे पैसा होता, त्यांनी केलं. खरं आहे. पण नुसत्या पैशाने हे काम होत नाही. सिनेमासाठी बदललेलं थिएटर आधी कसं दिसत होतं, बॉक्स कुठे होते, नक्षी कशी होती, हे कुणाला तोंडपाठ नव्हतं. ते जुन्या फोटोंवरून आणि कागदपत्रांवरून शोधावं लागलं. फोटो होते म्हणून मूळ रूप परत आणता आलं. ते नसते तर पैसा ओतूनही एक नवी, महागडी आणि खोटी इमारत उभी राहिली असती.

याच्या उलटं उदाहरण त्याच गिरगावात आहे. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' जिथं लोकांसाठी लागला, ते कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ. भारतीय सिनेमाचा इतिहास सांगताना पहिल्या पानावर येणारं हे थिएटर आज अस्तित्वात नाही. एकाच भागातल्या दोन वास्तू. एकीच्या झुंबराखाली आज मैफल होते, दुसरीचं फक्त नाव उरलंय, तेही परीक्षेत एक मार्काला विचारतात म्हणून.

आता आपल्याकडे या. इस्लापूरसारख्या गावातून मोठ्या पडद्यावर पिच्चर बघायचा तर नांदेड गाठायचं, म्हणजे शंभरएक किलोमीटर. नाहीतर जत्रेची वाट बघायची, कारण जत्रेत तंबूतलं टुरिंग टॉकीज यायचं. लोक जमिनीवर बसायचे, जनरेटरच्या आवाजात डायलॉग ऐकायचे. या फिरत्या सिनेमावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. त्याला कान महोत्सवात गौरवलं गेलं, तेही २०१६ मध्येच. म्हणजे ज्या वर्षी मुंबईचा राजवाडा पुन्हा उघडला, त्याच वर्षी महाराष्ट्राच्या तंबूची शेवटची घरघर जगाने पडद्यावर पाहिली. तंबूचं निदान चित्रण तरी झालं. तालुक्यातल्या सिमेंटच्या टॉकीजचं तेवढंही होत नाहीये.

मी असं म्हणत नाही की प्रत्येक बंद टॉकीज पुन्हा सुरू करा. मालकाला लाईटबिल, कर आणि पगार भरायचे असतात. आपण तिकीट काढणार नाही आणि त्याने मात्र आपल्या आठवणींसाठी तोटा सोसावा, हे बरोबर नाही. शिवाय ऑपेरा हाऊसलाही आता रोज चार खेळ चालत नाहीत. तिथं मैफली, नाटकं, महोत्सव होतात. जुन्या वास्तूला नवं काम मिळालं तरच ती जगते. आपल्याकडच्या एखाद्या टॉकीजमध्ये रविवारी मराठी सिनेमा, इतर दिवशी नाटक, एकांकिका स्पर्धा, अभ्यासिका असं का होऊ नये? एकीकडे चांगल्या मराठी सिनेमाला स्क्रीन मिळत नाहीत म्हणून ओरड, दुसरीकडे पडदा असलेली इमारत कुलूपबंद, हे काही पटत नाही. नगरपालिकेने आणि मालकांनी एकत्र बसून यावर बोलायला हवं.

पण तोवर एक काम आपल्या पिढीच्या हातात आहे, आणि त्याला महाराजाचा खजिना लागत नाही. नोंद करणं. आपल्या खिशात जो कॅमेरा आहे, तो फक्त रीलसाठी नाही. टॉकीजचा दर्शनी भाग, बुकिंगची खिडकी, तिकीटदराचा बोर्ड, प्रोजेक्टरची केबिन यांचे फोटो काढा, पण मालकाची परवानगी घेऊन. घरातल्या ट्रंकेत जुनं तिकीट किंवा गाण्यांचं पुस्तक असेल तर स्कॅन करा. आणि ऑपरेटरला शोधा. एका रिळात साधारण वीस मिनिटांचा सिनेमा असायचा. एक मशीन संपत आलं की पडद्यावरची खूण बघून दुसरं सुरू करायचं, कार्बनच्या कांड्यांमधलं अंतर सांभाळत उजेड टिकवायचा, हे ज्यांनी हाताने केलंय ती माणसं आता थकली आहेत. त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायला अर्धा तास लागतो. ते गेल्यावर कुठलंच ॲप ते परत देणार नाही.

कागदही शोधता येतील. सिनेमागृहाचा परवाना जिल्हा प्रशासन देतं, म्हणजे नकाशे आणि फायली तिथं असायला हव्यात. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे त्या काळातला एखादा कागद उर्दूत निघू शकतो. तो वाचणारी मंडळी आज आपल्यात आहेत, तोवर विचारून घ्या. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून सिनेमे, पोस्टर, छायाचित्रं जपतंय. पण नांदेड-लातूरच्या टॉकीजची गोष्ट गोळा करायला पुण्याहून कोणी येणार नाही. आमच्यासारख्या मास कॉमच्या मुलांना दरवर्षी प्रोजेक्टसाठी विषय हवा असतो. विद्यापीठाच्या माध्यमशास्त्र संकुलाने आणि महाविद्यालयांनी 'माझ्या तालुक्यातलं टॉकीज' हाच विषय एक वर्ष द्यावा. दरवर्षी तेच ते इंटरनेटवरून उतरवलेले प्रोजेक्ट जमा करण्यापेक्षा ते नक्की बरं.

ऑपेरा हाऊसचं कुलूप उघडायला २३ वर्षं लागली. तोपर्यंत त्याचे फोटो कुणीतरी सांभाळून ठेवले होते. आपल्या गावातल्या टॉकीजसाठी ते 'कुणीतरी' आपणच व्हायला हवं, आणि तेही जेसीबी दारात उभा राहायच्या आधी.